गुपित कळल्यावरही पुस्तक खाली का ठेववत नाही?

प्रश्न एका तरुण वाचकाचा आहे. थोडक्यात असा: "धर्म, जुनी हस्तलिखितं, गुप्त संघटना, शतकानुशतकं दडवलेलं सत्य अशा विषयांवरच्या इंग्रजी कादंबऱ्या मी झपाटल्यासारखा वाचतो. नंतर शोधाशोध केली की त्यातल्या बऱ्याच गोष्टी खोट्या निघतात. तरी पुढचं पुस्तक हातात घेतोच. असं का होतं? आणि महानुभावांच्या सांकेतिक लिपीवर मराठीत अशी कादंबरी लिहायला घेतली तर चालेल का?"

मी गेली चोवीस वर्षं अनुवादित कादंबऱ्यांचं संपादन करते. त्यातल्या कितीतरी याच जातकुळीच्या. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, पण तुम्ही तो ज्या प्रामाणिकपणे विचारलात त्याचं मला अप्रूप वाटलं. या कादंबऱ्यांत खरं किती आणि खोटं किती, हे तुम्ही स्वतःच शोधून काढलं आहे. तुम्हाला छळतंय ते हे की, खोटेपणा उघड झाल्यावर ओढ ओसरायला हवी होती आणि ती ओसरत नाही. म्हणजे ओढ माहितीच्या खरेपणाची नव्हतीच. मग कशाची होती?

याचं उत्तर थोडं माणसागणिक बदलतं. कर्मठ घरात वाढलेल्याला धर्मसत्तेला प्रश्न विचारणारा नायक जो आनंद देतो, तो देवधर्माशी फारसा संबंध नसलेल्याला मिळेलच असं नाही. विसाव्या वर्षी कोडं आवडतं, पन्नाशीत कोडं सांभाळणारा म्हातारा ग्रंथपाल जास्त आवडायला लागतो, निदान माझं तसं झालं. पण या सगळ्यांत समान असलेली एक गोष्ट मला माझ्या कामातून दिसली आहे.

या कादंबऱ्यांत वाचणं हेच शौर्य असतं. इतर थ्रिलरमध्ये नायक पळतो, गोळी झाडतो, गाडी उडवतो. इथे तो एक ओळ पुन्हा वाचतो. हजारो लोक ज्या शिलालेखावरून, ज्या चित्राखालून रोज गेले, तिथे याला एक अक्षर जास्तीचं दिसतं आणि दार उघडतं. खुर्चीत बसून पुस्तक वाचणाऱ्या माणसासाठी याहून मोठा मान कोणता? तो जे करतोय, नेमकं त्याच कृतीवर जगाचं भवितव्य टांगलेलं असतं.

हे मला कळलं ते एका कोड्यामुळे. एका कादंबरीत रोमन अक्षरांची उलटापालट करून नवं नाव निघत होतं. मराठीत काना, मात्रा, जोडाक्षरं सांभाळून तसं करणं महाकठीण. अनुवादिका आणि मी चार दिवस त्या एका ओळीवर बसलो होतो आणि शेवटी कोडं मुळापासून नवं रचलं. पुढे एका वाचनालयात त्या पुस्तकाची प्रत पाहिली. कोड्याच्या पानाचा समास पेन्सिलीच्या खुणांनी भरला होता, तीन-चार वेगवेगळ्या हातांच्या. उत्तर पुढच्याच पानावर होतं, तरी माणसं थांबून अक्षरं जुळवत बसली होती. त्या खुणा मी अजून विसरलेले नाही.

आता यात धर्मच का लागतो? कारण धर्मसंस्थेइतकी लांब स्मृती दुसऱ्या कुणाकडे नसते. एखाद्या कंपनीचा घोटाळा दहा-वीस वर्षांचा असतो, सरकारं बदलतात. मठ मात्र आठशे वर्षं तिथेच असतो, त्याच वेळी तीच घंटा वाजते, आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाते. "हे कुणीतरी तेव्हापासून सांभाळून ठेवलंय" हे वाक्य मठाच्या बाबतीत पटतं. शिवाय पणाला काय लागलंय तेही आपोआप मोठं होतं. पैशाचं गुपित फुटलं तर कुणी तुरुंगात जाईल, श्रद्धेचं फुटलं तर कोट्यवधी माणसं सकाळी उठून कशासमोर हात जोडतात तेच हलेल.

व्हॅटिकनच्या दफ्तरखान्याचं उदाहरण घ्या. या प्रकारच्या कादंबऱ्यांतलं ते सर्वांत लाडकं ठिकाण. त्याच्या जुन्या लॅटिन नावात 'सेक्रेटम' असा शब्द होता आणि त्यावरून जगभर 'गुप्त दफ्तर' अशी समजूत पसरली. त्या शब्दाचा तिथला अर्थ 'खासगी', म्हणजे पोपचं स्वतःचं दफ्तर. संशोधकांसाठी ते तेराव्या लिओ पोपनं १८८१ मध्ये उघडलं, आणि हा गैरसमज नको म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नावातून तो शब्दच काढला. आत सुमारे ८५ किलोमीटर लांबीची फडताळं आहेत. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दफ्तराचंही थोडं तसंच आहे. मोडी वाचता येत नाही म्हणून ते आपल्याला गूढ वाटतं, प्रत्यक्षात कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, सोडला की जमाखर्च, तैनाती, धान्याचे भाव आणि घरगुती तक्रारी निघतात. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले, तरी उरलेला डोंगर हललेला नाही. कुणी काही दडवलेलं नाही. वाचणारी माणसं कमी आहेत, एवढंच. आणि 'वाचणारी माणसं कमी आहेत' हीच जाणीव या कादंबऱ्या पेटवतात.

दुसरं इंधन म्हणजे इतिहासातली खरी फट. टेम्पलर सरदारांवर इतकं का लिहिलं जातं? साधारण १११९ मध्ये जेरुसलेमला यात्रेकरूंच्या रक्षणासाठी नऊ-दहा शिपाई संन्याशांचा एक गट उभा राहतो. दोनशे वर्षांत तो युरोपभर जमीनजुमला आणि सावकारी असलेली प्रचंड संस्था होतो. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप पैशाच्या ओढगस्तीत असतो. तो १४ सप्टेंबर १३०७ ला मोहोरबंद हुकूम धाडतो आणि महिनाभरानं, शुक्रवार १३ ऑक्टोबरला पहाटे देशभर एकाच वेळी अटका होतात. आरोप पाखंडाचे, कबुल्या छळातून मिळवलेल्या. १३१२ मध्ये पोप संस्था बरखास्त करतो. १३१४ च्या मार्चमध्ये तिचा प्रमुख जाक द मोले पॅरिसला सीन नदीतल्या बेटावर जिवंत जाळला जातो, आणि त्याच वर्षी पोप आणि राजा दोघेही मरतात.

यातलं काहीही रचलेलं नाही. कादंबरीकाराला फक्त विचारायचं असतं की, खजिना कुठे गेला आणि निसटलेले लोक कुठे गेले? पुढचं सगळं त्या दोन प्रश्नांत ओतता येतं. खरी उत्तरं शांत आहेत: मालमत्ता बहुतेक दुसऱ्या एका धर्मरक्षक संघाकडे गेली, माणसं इतर मठांत गेली किंवा म्हातारी होऊन मेली. आणि २००१ मध्ये बार्बारा फ्राले या संशोधिकेला व्हॅटिकनच्या दफ्तरात १३०८ चा एक कागद सापडला. पोपच्या प्रतिनिधींनी टेम्पलरांच्या प्रमुखांना पाखंडाच्या आरोपातून मुक्ती दिली होती, असं त्यावरून दिसतं. सातशे वर्षं तो कागद तिथेच होता. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला, तो कुठल्याही कादंबरीनं आणला नाही. पोपला ठाऊक होतं आणि तरी त्यानं त्यांना वाचवलं नाही, ही त्या कागदातली गोष्ट खजिन्यापेक्षा कितीतरी जड आहे.

कादंबऱ्या जिथे हमखास चुकतात ती जागा वेगळी आहे: एकच कट, एकच योजना, पिढ्यान्‌पिढ्या अबाधित. माणसांची कुठलीही संघटना जवळून पाहिलेल्याला हे पटू नये. इल्युमिनाटींचं नाव घेऊन जगाची सूत्रं हलवणारे अदृश्य हात रंगवले जातात. प्रत्यक्षात १ मे १७७६ रोजी जर्मनीतल्या बव्हेरियात इंगोलश्टाट इथे आडाम वाइसहाउप्ट नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकानं हा गट काढला. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या पगड्याखालच्या विद्यापीठात मोकळ्या विचाराला जागा नव्हती, ही त्याची खंत होती. सभासदांना ग्रीक-रोमन नावं, त्याचं स्वतःचं 'स्पार्टाकस'. काही वर्षांतच तो आणि त्याचा मुख्य साथीदार यांचं बिनसलं, १७८४-८५ मध्ये सरकारनं बंदी घातली, घरांवर छापे टाकून कागद जप्त केले आणि ते छापून टाकले. दहा वर्षंही हा गट धड टिकला नाही. अमरत्व त्याला दिलं ते १७९७ मध्ये निघालेल्या दोन पुस्तकांनी. फ्रेंच राज्यक्रांती ही याच मंडळींची करणी, असं त्यांत मांडलं होतं. एवढी उलथापालथ भूक, कर्ज आणि राजवटीच्या चुका यांतून झाली हे मानायला जड जातं. कुणीतरी ठरवून केली म्हटलं की निदान जगाला मालक तरी असतो. या कथांचा हाही एक दिलासा आहे आणि तो मला समजतो. ज्या वर्षी घरात एकामागून एक आजारपणं आली, त्या वर्षी मी अशी पुस्तकं सर्वांत जास्त वाचली.

आता धोक्याबद्दल, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातून जातं.

'द दा विंची कोड' २००३ मध्ये आलं तेव्हा सुरुवातीच्याच एका पानावर 'तथ्य' म्हणून लिहिलेलं होतं की, प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरी संघटना आहे. ही संघटना फ्रान्समध्ये १९५६ साली रीतसर नोंदवली गेली होती आणि पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थानं तिची जुनी वंशावळ बनवून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवून दिली होती. पुस्तकातली खून, पाठलाग, चुंबनं ही कल्पना आहे हे वाचकाला कळतं. त्या एका पानाशी मात्र तो वेगळा करार करतो. माझ्या हातूनही एकदा अशी चूक झाली. एका अनुवादात शेवटी लेखकाची टीप होती, अमुक संघटना काल्पनिक आहे अशी. पानं वाढत होती म्हणून ती गाळायला मी होकार दिला. पुढे महिनोन्‌महिने त्या संघटनेचा पत्ता विचारणारी पत्रं येत राहिली. त्यातलं एक पत्र नुकताच मुलगा गमावलेल्या बाईंचं होतं. त्यांना वाटत होतं, त्या लोकांकडे काहीतरी उत्तर असेल. तेव्हापासून मी टीप गाळू देत नाही.

पण याहून वाईट घडू शकतं आणि घडलं आहे. १८६८ मध्ये गेडशं नावाच्या जर्मन लेखकानं एका कादंबरीत प्रसंग रंगवला: प्रागच्या स्मशानात मध्यरात्री ज्यू जमातींचे प्रतिनिधी जमून जग ताब्यात घेण्याचा बेत करतात. शुद्ध कल्पना. पुढे रशियात ते प्रकरण सुटं काढून खरी हकिकत म्हणून छापलं गेलं. १९०३ मध्ये तिथेच ज्यूंच्या तथाकथित कटाचं 'प्रोटोकॉल्स' नावाचं कुप्रसिद्ध बनावट इतिवृत्त आलं. त्याचे उताऱ्यांमागून उतारे तिसऱ्या नेपोलियनवर टीका करणाऱ्या १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकातून चोरलेले होते, आणि त्या मूळ पुस्तकाचा ज्यूंशी काही संबंध नव्हता. हे लंडनच्या 'टाइम्स'नं १९२१ मध्ये शेजारी शेजारी उतारे छापून दाखवलं. तरी हिटलरनं ते वापरलं. आपल्या कोकणात घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायल, ज्यांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत, तेही ज्यूच. त्या स्मशानातल्या पात्रांशी त्यांचं काय नातं होतं? काहीच नाही. पण अशा कथेत एकदा 'ते लोक' आले की त्यात सगळे येतात.

आपल्या मातीतलं उदाहरण अधिक जवळचं आहे. ठग. वाटसरूंना विश्वासात घेऊन गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, याबद्दल वाद नाही. पण कालीच्या आज्ञेनं मारणारा, गुप्त भाषा आणि शकुन असलेला, देशभर पसरलेला एकच पुरातन पंथ, हे चित्र मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी, विशेषतः स्लीमननं उभं केलं. त्यातलं किती खरं यावर इतिहासकार अजून भांडतात. १८३६ चा कायदा असा की, ठगांच्या टोळीत असणं सिद्ध झालं की जन्मठेप, विशिष्ट गुन्हा दाखवायची गरज नाही. निजामाच्या चाकरीत असलेल्या मेडोज टेलरनं १८३९ मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात कादंबरी लिहिली आणि विलायतेत ती प्रचंड गाजली. हाच टेलर पुढे आपल्या नळदुर्गला जिल्ह्याचा कारभारी होता. धर्म आणि गुप्त संघटना यांवरची भारतातली ही अगदी सुरुवातीची थ्रिलर म्हणावी लागेल आणि ती उत्तम लिहिलेली आहे, हे मान्य करायला हवं. पण 'काही माणसं जन्मानंच गुन्हेगार' ही कल्पना तोवर हवेत मुरली होती. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. या जमातींच्या माणसांच्या हजेऱ्या घेतल्या गेल्या, त्यांना तारेच्या कुंपणांत ठेवलं गेलं. सोलापुरात तो भाग अजून 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला ही माणसं कायद्यानं मुक्त झाली. पोलिसांच्या नजरेतून मुक्त झाली का, हे पारध्यांच्या कुठल्याही पालावर जाऊन विचारा.

म्हणून हस्तलिखित हातात आलं की मी आधी एकच गोष्ट पाहते: गुपित राखणारे कोण आहेत, आणि ते आज गावात, बाजारात, शाळेत भेटतात का? भेटत असतील तर लेखकावर फार मोठी जबाबदारी आहे.

महानुभाव भेटतात. म्हणून तुमच्या बेतावर थोडं सविस्तर लिहिते, कारण विषय विलक्षण आहे आणि तुम्हाला तो सुचला याचा मला मनापासून आनंद आहे. बघा, तुमच्याकडे काय काय आहे. तेराव्या शतकातले चक्रधरस्वामी, जातिभेद न मानणारे, स्त्रियांना शिष्य करणारे. त्यांच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा करणारे म्हाइंभट. संस्कृतात लिहू नका, माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते कसं कळेल, असं म्हणणारे नागदेवाचार्य. मग चौदाव्या शतकापासून ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जाऊ लागले: सकळ, सुंदरी आणि इतर. सकळ लिपी रवळोबासांची मानतात. देवनागरी अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं आणि चिन्हं, किल्ली फक्त पंथाची दीक्षा घेतलेल्यांकडे. पंथ पंजाबातून पार पेशावर-काबूलपर्यंत गेला, तिथे 'जयकृष्णी' म्हणून ओळखला गेला, आणि मराठी पोथ्या तिथेही जपल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि वि. ल. भाव्यांच्या खटपटीनं हे साहित्य बाकीच्या महाराष्ट्रापुढे आलं.

मधल्या शतकांत मात्र बाहेरच्यांनी त्या बंद पोथ्यांविषयी हवं ते रचलं. भाषेत त्याचा डाग अजून आहे. ढोंगी माणसाला आपण 'मानभावी' म्हणतो, तो शब्द याच पंथाच्या नावावरून आलेला आहे. तेव्हा तुमच्या कादंबरीत पंथाचे महंत जर पोथीसाठी खून पाडत असतील, तर तुम्ही नवं काही लिहीत नाही, तीच जुनी बदनामी पुढे नेता. असं हस्तलिखित मी परत करेन.

पण गुपित राखणाऱ्यांच्या बाजूनं लिहा की! पोथी घेऊन डोंगर ओलांडणारा साधू, जिला किल्ली पाठ आहे अशी म्हातारी तपस्विनी, आणि बाहेरून आलेला, विश्वास कमवावा लागणारा वाचक. थरार पुरेसा आहे. पंथाचं तीर्थक्षेत्र असलेल्या रिद्धपूरला जाऊन या, दोन-चार दिवस राहा, पंथातल्या माणसांना मसुदा दाखवा. त्यांनी काही खोडलं तर का खोडलं ते विचारा, तिथे तुम्हाला पुढचं प्रकरण मिळेल.

आणि उलगड्याचा प्रसंग कसा असावा, यावर माझं एक मत आहे. सांकेतिक लिपीतून बाहेर आलेल्या लीळाचरित्रात, म्हणजे म्हाइंभटांनी गोळा केलेल्या त्या आठवणींच्या ग्रंथात, खजिन्याचा नकाशा नव्हता. चक्रधर काय जेवले, कुठे उतरले, कुणाला काय म्हणाले, हे होतं. आणि त्यातच एका ठिकाणी कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि साळईच्या, म्हणजे साळुंकीच्या, मेणाच्या घराची गोष्ट होती. तीच, जी तुम्हाला भाताचा घास भरवताना आईनं सांगितली असेल. तुमचा नायक रात्रभर अक्षरं बदलत बसलाय, बाहेर कुणीतरी दार ठोठावतंय, कंदिलाची वात खाली आलीय, आणि एकेक अक्षर लावत त्याच्यासमोर ओळ उभी राहते: काउळ्याचं घर शेणाचं. ती ओळ त्याला पाठ आहे. कुठून पाठ आहे हे आठवायला त्याला एक क्षण लागतो. तो क्षण नीट लिहा, घाई करू नका, आणि प्रकरण तिथेच थांबवा. मसुदा झाला की मला वाचायला आवडेल.